मीटरपाशी दोन मिनिटं

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. नवीन घरात जाऊन जेमतेम चार महिने झाले आणि विजेच्या बिलानं तुझी झोप उडवली, हे वाचून वाईट वाटलं. 'वीज आणि गॅससाठी दर महिन्याला किती बाजूला काढू?' असं विचारलंयस. तो आकडा मी इथं बसून सांगू शकत नाही, पण तुझा तुला तो नक्की काढता येईल.

आधी माझी चूक ऐक. मी पहिल्यांदा एकटी राहू लागले तेव्हा सलग पाच महिने बिल अगदी बेताचं येत होतं. मी निर्धास्त होते, उरलेले पैसे खर्चून मोकळी व्हायचे. सहाव्या महिन्यात जवळजवळ चौपट बिल आलं. तावातावानं चौकशीला गेले. तिथल्या बाईंनी माझीच जुनी बिलं समोर पसरली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पाचही बिलांवर रीडिंगच्या जागी 'सरासरी' असं लिहिलेलं. मीटर कुलपाआड होता, कुणी वाचलाच नव्हता, सगळी बिलं अंदाजानं आली होती. वापर मात्र खरा होता, त्याची बाकी एकदम अंगावर आली. ती फेडायला मला तीन महिने लागले.

म्हणून बिल हातात आलं की रकमेआधी रीडिंग बघ. ते प्रत्यक्ष घेतलेलं आहे की अंदाजानं टाकलंय? बिलावरचा आकडा मीटरशी जुळतो का? जुळत नसेल तर मीटरचा फोटो काढून लगेच कळव. अंदाजाचं बिल कमी आलं तरी कळव. ती बचत नसते, उधारी असते.

आता हिशोब. तो युनिटांत मांड, कारण दर बदलतात आणि बिलात स्थिर आकार, कर, मागची बाकी असं बरंच मिसळलेलं असतं. १००० वॅटचं उपकरण १ तास चाललं की १ युनिट. एवढं एक सूत्र पाठ असलं की घरातली प्रत्येक वस्तू तुला हिशोब देऊ लागेल. ९ वॅटचा एलईडी दिवा १ युनिटात शंभराहून जास्त तास जळतो. उलट १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला साधारण ०.७ युनिट जातं. तेवढ्या विजेत मोबाइल तीस-चाळीस वेळा चार्ज होईल. चार्जर काढला नाही म्हणून घरात भांडणं होतात आणि गीझर तासभर आधीच लावून ठेवलेला असतो, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. तापवणं आणि गार करणं, बिलाचा मोठा भाग तिथं असतो. काटकसरही तिथूनच सुरू कर.

आणखी एक गोष्ट करून बघ, मला ती फार आवडते. रात्री सगळं बंद कर, फ्रीजसुद्धा पाच मिनिटांपुरता, आणि मीटरपाशी उभं राहा. डिजिटल मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. तो किती वेळा लुकलुकला की १ युनिट होतं, ते मीटरवरच छापलेलं असतं. समज, तिथं १६०० लिहिलंय आणि सगळं बंद असतानाही दर ४५ सेकंदांनी दिवा लुकलुकतोय. म्हणजे घरात कुठंतरी ५० वॅट सतत जातायत. महिन्याला ३६ युनिटं! मग एकेक प्लग काढत जा. दिव्याचं लुकलुकणं कधी मंदावतं ते डोळ्यांना दिसतं आणि चोर सापडतो. सगळे प्लग काढूनही दिवा लुकलुकतच राहिला तर मात्र जाणकार इलेक्ट्रिशियनला बोलाव, स्वतः वायरिंगला हात लावू नकोस.

बाजूला काढायची रक्कम अशी ठरव. मागच्या १२ महिन्यांची युनिटं एका कागदावर लिही. ती तुझ्याकडे नसतील तर घरमालकाकडून जुनी बिलं माग. राहणारी माणसं वेगळी असली तरी कोणत्या ऋतूत वापर चढतो ते कळतं. वर्षाच्या बेरजेला आजचा दर लाव, स्थिर आकार आणि कर मिळव, १२ नं भाग आणि वर दहावा हिस्सा चढव. तेवढी रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाक. हलक्या महिन्यात उरलेले पैसे तिथंच राहू देत, जड महिन्याला तेच उपयोगी पडतील. वापर वाढेल तसा युनिटाचा दर टप्प्याटप्प्यानं वाढत असेल तर शेवटची युनिटं सगळ्यात महाग पडतात. वाचवलेली युनिटंही त्या महागड्या टोकाचीच असतात, म्हणून थोडी काटकसरही जाणवते. स्थिर आकार मात्र घर बंद ठेवलं तरी द्यावाच लागतो.

गॅस पाइपनं येत असेल तर हीच रीत. सिलिंडर असेल तर लावल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लिही. ४५ दिवस पुरत असेल तर दरमहा त्याच्या किमतीचा दोन तृतीयांश बाजूला काढ. पाण्याला उकळी आली की आच कमी कर. आच मोठी ठेवल्यानं उकळतं पाणी जास्त तापत नाही, फक्त वाफ जास्त होते. ज्योत निळी हवी. पिवळी दिसू लागली तर बर्नर साफ करून घे, कारण नीट न जळलेल्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. आणि ऊब टिकावी म्हणून स्वयंपाकघराची खिडकी बंद करून घेऊ नकोस. असली बचत मला तुझ्याकडून नको.

घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर त्यांच्या पंख्यावर आणि उबेवर काटकसर करायची नाही. पैसे कमी पडले तर मुदत उलटायच्या आत कंपनीला गाठ आणि हप्ते बांधून माग. बिल न उघडता कप्प्यात टाकलं की दंड वाढतो, आणि जोडणी तुटली तर ती परत घेण्याचा खर्च वेगळा.

आज झोपण्याआधी मीटरवरचा आकडा वहीत लिही, शेजारी तारीख टाक. पुढचे चार रविवार तेवढंच कर आणि ते पान मला पाठव. जुनी बिलंही जोड, आपण दोघं मिळून बघू.

तुझी,
मावशी