फुकटचा वकील मनापासून लढन का जी?

प्रश्न: माह्या मालकाले जाऊन दीड वर्ष झालं. पाच एकर वावर हाय, सासऱ्यामागं दोघा भावायच्या नावानं होतं. वारस चढवाचे हाय म्हणून दिरानं एका स्टॅम्पवर माही सही घेतली, आता पायतो त सातबाऱ्यावर त्याचं एकट्याचंच नाव. वकील पहिलेच पंधरा हजार मांगते. मी निंदनाले जाऊन दोन लेकरं पोसतो, कुठून देऊ? कोणी म्हणते कोर्टात फुकट वकील भेटते, पण फुकटचा वकील मनापासून लढन का?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर: ताई, शेवटचं पहिले सांगतो, कारण बायका तिथूनच परत फिरतात. हा वकील कोणी दया म्हणून देत नाही, १९८७ चा विधी सेवा कायदा आहे आणि त्यात बाईला उत्पन्नाची अटच नाही, दाखला मागितला तरी तसं स्पष्ट सांगा. तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते, तिथं साधा अर्ज द्यायचा, लिहिता येत नसलं तर तिथले विधी स्वयंसेवक लिहून देतात, किंवा आधी १५१०० वर फोन लावा. कोर्ट फी, टायपिंगचा खर्चही समितीकडेच. पॅनलच्या (म्हणजे समितीच्या यादीतल्या) वकिलाला मानधन तिकडून मिळते (थोडंच मिळते, म्हणून काही जण ढिलाई करतात हे खोटं कशाला बोलू), त्यानं वरून पैसे मागितले किंवा तारखेला आलाच नाही तर समितीला लेखी द्या, वकील बदलून मिळतो. आमच्याकडे पॅनलवरच्या एका पोरीनं वाटणीचा दावा असा चालवला की समोरचा फीवाला वकील पाहतच राहिला!

आता वावराचं. सातबारा म्हणजे मालकी नव्हे, तो महसूलचा कागद. मालकाच्या हिश्श्याला तुम्ही, दोन्ही लेकरं आणि सासूबाई असतील तर त्या, हे सगळे पहिले वारस, भाऊ त्यांच्या मागं. खरा प्रश्न त्या स्टॅम्पचा आहे. तो हक्कसोड (आपला हिस्सा सोडल्याचा कागद) असला आणि रजिस्ट्री झाली नसली तर त्यानं तुमचा हक्क जात नाही. तुम्ही दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे रजिस्ट्रीच्या ऑफिसात, गेला होता का, अंगठा-फोटो घेतला होता का, आठवून पाहा आणि वकिलाला खरं ते सांगा, लपवाल तर तोच फसतो.

तलाठ्याकडून फेरफाराची (सातबाऱ्यावर नाव बदलल्याच्या नोंदीची) नक्कल आजच काढा, कारण त्याविरुद्ध एसडीओकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे, उशीर झाला असला तर माफीचा अर्ज सोबत जोडावा लागतो. वाटणीचा दावा मात्र दिवाणी कोर्टातच.

दीर म्हणेल लोकअदालतीत मिटवू. मिटवा, वाईट नाही, पण तिथं सही झाली की अपील नाही, म्हणून किती गुंठे, कोणत्या धुऱ्यापासून, विहिरीचं पाणी कोणाचं, हे सगळं कागदावर आल्याशिवाय पेन हातात घेऊ नका. एकदा न वाचता सही करून झालीच आहे.