तुमचे प्रश्न : एमबीए नको, रिसर्च करायचाय

प्रश्न : ताई नमस्कार, मी देवगडची, यंदा तीन वर्षांचं बीएमएस (मॅनेजमेंटची पदवी) झालं. घरी हापूसची कलमं आहेत. सगळे म्हणतायत एमबीए कर, पण मला मॅनेजमेंटमध्ये रिसर्च करायचाय, आपले बागायतदार आंबा वाशीच्या घाऊक बाजारालाच का पाठवतात असल्या विषयावर. त्यासाठी कुठली मास्टर्स करू? एम.फिल. चालेल का? बाबा विचारतात, त्याने पोट भरेल का.

उत्तर : एम.फिल. (पीएचडीच्या आधीची रिसर्चची पदवी) पहिलं डोक्यातून काढ, यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ च्या नियमांत ते बंद केलंय, कुठे जाहिरात दिसली तरी पैसे भरू नकोस. आता नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांच्या मास्टर्सचं दुसरं वर्ष पूर्ण रिसर्चला देता येईल अशी सोय धरलीय, पण प्रत्येक ठिकाणी ती सुरू असेलच असं नाही, म्हणून अॅडमिशनच्या आधी सरळ विचारायचं की प्रबंध किती क्रेडिटचा आणि गाइड कोण. मला विचारशील तर कॉलेजच्या नावापेक्षा गाइड बघ. शेतमालाच्या बाजारावर ज्यांनी स्वतः काम केलंय असा माणूस एम.कॉम.ला मिळाला तर तोही चालेल, नुसत्या मोठ्या बिल्डिंगवर जाऊ नकोस. ब्रिटनमध्ये एमआरेस नावाची रिसर्चचीच मास्टर्स असते, बहुतेक एका वर्षाची, पण स्कॉलरशिप नसेल तर खर्च झेपणारा नाही.

आता विषय. 'वाशीलाच का' हा प्रश्न चांगला आहे पण फार पसरलाय. दलाल सीझनआधी फवारणीला, खोक्यांना उचल देतो आणि मग माल त्याच्याकडेच जातो हे तुझ्या बाबांना कुणी शिकवायला नको! तू असं विचार की उचल घेणारा आणि न घेणारा यांच्या हातात हमाली, तोलाई, कमिशन कापून डझनामागे किती पडतात. किंवा २०१८ ला हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, त्यानंतर थेट गिऱ्हाइकाला विकणारे वाढले का. यासाठी जुन्या पट्ट्या, म्हणजे दलालाने दिलेले विक्रीचे हिशेब, लागतात, त्या आत्तापासूनच गोळा कर, घरातल्या आणि वाडीतल्या पण, आणि लोकांना सांगून घे की नावं कुठे छापणार नाही, नाहीतर कोण दाखवणार. व्हॉट्सअॅपवर गूगल फॉर्म फिरवून शंभर टिकमार्क जमवायचे आणि त्याला रिसर्च म्हणायचं हे मला अजिबात पटत नाही, उचल किती घेतली हे फॉर्मवर खरं कोण लिहितं.

बाबांचा प्रश्न रास्त आहे. पीएचडीला जायचं तर मास्टर्सला किमान ५५ टक्के लागतात, राखीव गटांना ५ टक्के सूट. यूजीसी नेट या परीक्षेला मॅनेजमेंट विषय असतो, त्यात जेआरएफ (रिसर्चसाठीची फेलोशिप) मिळाली तर पीएचडी करताना महिन्याला ३७ हजार रुपये, पण ती थोड्यांनाच मिळते, तिच्या भरवशावर घर चालवायचं ठरवू नकोस. कंपनीतली नोकरी लवकर हवी असेल तर एमबीएच बरं, हे मी स्पष्ट सांगते. आणि एमबीए करूनही पुढे पीएचडीला जाता येतं, तेव्हा घरच्यांशी भांडायच्या आधी त्यांना हे सांगून बघ.