निरनिराळ्या समाजांची मुलं एकाच वर्गात बसली की पूर्वग्रह आपोआप जातात का?

तुम्ही विचारलंय, शहरातल्या शाळांत वेगवेगळ्या वंशांची, भाषांची मुलं एकत्र बसतातच, मग बहुसांस्कृतिक शिक्षण म्हणून वेगळं काय करायचं? मिश्र वर्गांना मी बरीच वर्षं शिकवतेय. नुसतं शेजारी बसून काही होत नाही. मधल्या सुट्टीची घंटा झाली की एका बाकावरची दोघं दोन वेगळ्या घोळक्यांत जातात.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच हे मांडलं होतं. संपर्काने पूर्वग्रह ओसरतात, पण त्यासाठी त्या जागेपुरता तरी सगळ्यांचा दर्जा सारखा हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज पडायला हवी आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. आपला नेहमीचा वर्ग बघा. आधी हात वर कोण करतो याची चढाओढ, आणि ज्याची भाषा कच्ची तो पहिल्याच आठवड्यात गप्प.

१९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोरी, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांतून आलेल्या कुटुंबांतली) मुलं नव्यानेच एका वर्गात आली होती आणि तणाव होता. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तिथे चढाओढच काढून टाकली. धड्याचे तुकडे केले, गटातल्या प्रत्येकाला एकेक वेगळा तुकडा दिला. सारखाच तुकडा मिळालेली सगळ्या गटांतली मुलं आधी एकत्र बसून तो पक्का करायची, मग आपापल्या गटात येऊन शिकवायची. परीक्षा मात्र पूर्ण धड्यावर. म्हणजे अडखळत बोलणाऱ्याची थट्टा केली तर नुकसान आपलंच! पूर्वग्रह कमी झाले, मागे पडणाऱ्या मुलांचे गुणही वाढले.

माझ्या वर्गात हे करताना मी एक चूक केली, ती सांगायलाच हवी. नव्याने आलेल्या मुलीला मी दयेपोटी सगळ्यात सोपा, दोन ओळींचा तुकडा दिला. गटाने ते लगेच ओळखलं, आणि तिनेही. समान दर्जा मीच मोडला होता. पुढच्या वेळी तिला बाकीच्यांएवढाच तुकडा दिला, फक्त तयारीला एक दिवस आधी. सांगताना तिने एक आकृती काढली, आणि गटाने तिला थांबवून थांबवून प्रश्न विचारले.

भाषेबद्दल एक गैरसमज शिक्षकांतही आहे. मूल खेळताना फडाफडा बोलतं, मग पेपरात का अडतं? आळशी असेल! द्विभाषिक मुलांच्या शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांच्या मांडणीनुसार बोलण्यापुरती नवी भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाच्या भाषेत बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. या मधल्या काळात घरच्या भाषेत विचार करायला, टिपणं काढायला बंदी घालणं म्हणजे मुलाचा आधारच काढून घेणं.

‘सगळ्यांना सारखंच शिकवतो, मग अन्याय कसला?’ हेही तुम्ही ऐकलं असेल. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सुमारे १,८०० चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्यासाठी वेगळी मदतही मिळत नव्हती. १९७४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक होत नाही.

वर्षातून एकदा पारंपरिक वेशभूषेचा दिवस करायला माझी हरकत नाही, मुलं खूश होतात. पण तुम्हाला सुरुवातच करायची असेल तर येत्या आठवड्यातला एक धडा घ्या आणि त्याचे पाच सारख्या वजनाचे तुकडे पाडा.