छत्री बघून ब्रेक मारू नकोस

अगं, तुझा मेसेज रात्रीच वाचला. "काका, चेन्नईचा तो बाइक रेसचा ट्रॅक कधी बघितलाच नाहीये, तीन दिवसात कसा शिकायचा?" फोनवर सांगायला बसलो असतो तर अर्धं मी विसरलो असतो आणि उरलेल्या अर्ध्याला तू नुसतं "हो काका, हो काका" केलं असतंस, म्हणून लिहूनच काढतोय. गॅरेजमध्ये बसलोय, मध्येच गिऱ्हाईक येतंय, त्यामुळे इकडचं तिकडं झालं तर सांभाळून घे.

चेन्नई लांब वाटतं, पण वारज्यात आपल्या डोळ्यांसमोरून जो हायवे जातो ना, तोच एनएच ४८ सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू करत करत चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईपर्यंत जातो, आणि ट्रॅक तिथेच. साधारण १२०० किलोमीटर. टेम्पोत गाडीशेजारी बसून रात्रभर जायची हौस करू नकोस. मी केली होती, पहाटे पाचला पोचलो, सातला स्क्रुटिनीच्या, म्हणजे गाडी तपासणीच्या लाइनीत हेल्मेटवर डोकं ठेवून झोपलो आणि पहिल्या सेशनला ट्रॅक उजवीकडे वळला तेव्हा मला दिसलं की अरे, हा वळला! बुधवारी पोच, गुरुवार मोकळा ठेव.

आता ट्रॅक. नाव आता मद्रास इंटरनॅशनल सर्किट, पण जुनी माणसं एमएमआरटीच म्हणतात, मद्रास मोटर रेस ट्रॅक. ३.७१७ किलोमीटर, १२ कॉर्नर, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, आणि कॉर्नरना सी-१, सी-२ असे नंबर, तिथे सगळे त्याच भाषेत बोलतात. तू शिकलीस कार्टिंगच्या ट्रॅकवर, तिथे एक कॉर्नर संपत नाही तोवर दुसरा, विचार करायला वेळच नसतो आणि ते एका परीने बरं असतं. इथे मध्ये सरळ रस्ता मिळतो आणि त्या सरळवर डोकं भलतंच काहीतरी बोलायला लागतं, मागे कोण आहे, टाइम काय बसला, बाबा स्टँडमध्ये आलेत का.

एक साधा हिशोब कर. तुझ्या १६५ सीसीच्या गाडीला लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, दोन मिनिटांच्या आसपास धर. पंधरा मिनिटांच्या सेशनमध्ये पिटमधून निघतानाचा आउट लॅप आणि परत येतानाचा इन लॅप वजा केले की हातात खरे लॅप राहतात पाच, फार तर सहा. अशी दोन-तीन सेशन मिळाली तर क्वालिफायच्या, म्हणजे रेसमधली सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या सेशनच्या आधी एकेका कॉर्नरशी तुझी भेट होणार जेमतेम पंधरा वेळा. चेन्नईच्या पोरांची त्याच कॉर्नरशी किती वर्षांची ओळख आहे बघ. म्हणून शुक्रवारी त्यांच्या टाइमशी तुझा टाइम लावून बघणं म्हणजे शाळेच्या पहिल्या दिवशी दहावीचा पेपर सोडवायला बसणं. लॅप टायमरवर काळी टेप लाव, खरंच लाव, मी गंमत करत नाहीये. शुक्रवारी तुला टाइम नको, खुणा हव्यात.

त्या खुणा गुरुवारी चालत गोळा कर, स्कूटरवरून चक्कर मारून नाही, पायी. आणि प्रत्येक कॉर्नरच्या आधी खाली बस. लोक हसतील, हसू देत. उभं राहून जे दिसतं ते गाडीवर टाकीला छाती टेकवल्यावर दिसतच नाही, डोळे दोन-अडीच फूट खाली आलेले असतात, उभ्याने स्पष्ट दिसणारा कर्ब, ती कॉर्नरच्या कडेची रंगीत पट्टी, अचानक गायब होतो आणि त्याच्या मागचा खांब तेवढा दिसतो. यूट्यूबवरचे ऑनबोर्ड, म्हणजे गाडीवर कॅमेरा लावून काढलेले व्हिडिओ बघ, रोज बघ, पण त्यात कॉर्नरचा क्रम पाठ होतो एवढंच. चढ-उतार, खडबडीत पॅच, डांबराचा जोड, कॅमेऱ्यात सगळं सपाट होऊन जातं.

खुणेवरून माझीच फजिती सांगतो, आधी कुणाला सांगितली नाहीये. असाच नवीन ट्रॅक, शनिवारची प्रॅक्टिस. एका डाव्या कॉर्नरच्या आधी मार्शलची, म्हणजे ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवणाऱ्या माणसाची मोठी लाल छत्री होती, ऊन मी म्हणत होतं. मी म्हटलं वा, याच्यापेक्षा चांगली खूण कुठली! छत्री आली की ब्रेक, छत्री आली की ब्रेक, शनिवारभर मस्त बसलं. रविवारी दुपारी रेस. ऊन फिरलं तसा तो बिचारा मार्शल सावली धरायला छत्री घेऊन दहा-बारा पावलं पुढे सरकला, कॉर्नरच्या बाजूला. मी इमानदारीत छत्री बघून ब्रेक मारला आणि सरळ खडीत. गाडी आडवी, मी गुडघ्यावर, आणि पहिला धावत आला तोच छत्रीवाला! त्याला काय सांगणार, तुझ्यामुळे पडलो? त्याची काय चूक.

तर खूण अशी घे जी रविवारीही तिथेच असणार. कर्बची सुरुवात, मार्शल पोस्टचा खांब, अंतराची पाटी, डांबराचा पॅच. सावली नाही, उभी अँब्युलन्स नाही, माणूस तर नाहीच नाही. आणि प्रत्येक मोठ्या ब्रेकिंगला दोन खुणा घे, एक जमिनीवरची आणि एक उंचावरची, कारण प्रॅक्टिसमध्ये तू एकटी असतेस तेव्हा जमिनीवरचा पॅच दिसतो, रेसमध्ये पुढे चार गाड्या आल्या की तो त्यांच्या चाकाखाली जातो आणि मग तू त्यांच्या ब्रेकवर तुझा ब्रेक ठरवायला लागतेस. तिथून गडबड सुरू होते.

सी-१ बद्दल सगळे तुला काहीबाही सांगतील, तो वेगवान आहे, हिंमत लागते वगैरे. लागते, पण शुक्रवारी नाही. आधी ज्या कॉर्नरनंतर लांब सरळ लागतो ते पक्के कर, तिथे बाहेर पडताना थ्रॉटल जरा लवकर उघडला तर त्याचा फायदा पूर्ण सरळभर मिळत राहतो. वेगवान कॉर्नरला हिंमत दाखवून जे कमावशील ते पाव-अर्धा सेकंद असेल, आणि चुकलं तर वीकेंडच गेला.

तिथली पोरं चांगली आहेत गं. अण्णा म्हणून हाक मारली की मेकॅनिकसुद्धा हातातलं काम सोडून येतात. एखाद्या अनुभवी रायडरच्या मागे दोन लॅप काढ, लाइन बघ, कॉर्नरमधून निघताना झुकलेली गाडी कुठे सरळ उभी करतो ते बघ. ब्रेक मात्र त्याचा उचलू नकोस, त्याचं सस्पेन्शन, त्याचं वजन, त्याचे टायर वेगळे, आणि कधीकधी तोही चुकत असतो.

स्प्रॉकेटचं, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राचं लक्षात ठेव. आधी रेग्युलेशन वाच, तुमच्या क्लासला बदलायची परवानगी आहे का ते. असली तर दोन-तीन मागचे स्प्रॉकेट बरोबर ने. पुढचा एक दात म्हणजे मागचे जवळजवळ तीन दात, पुढे १४ आणि मागे ४२ दात असले तर गणित ३.० येतं, पुढे १५ केलं की २.८, म्हणून बारीक फरक मागूनच करायचा. आणि एकटी फिरताना सरळच्या शेवटी गाडी बरोब्बर लिमिटरला, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांच्या कमाल मर्यादेला टेकत असेल तर खूश होऊ नकोस, रेसमध्ये पुढच्या गाडीच्या स्लिपस्ट्रीममध्ये, म्हणजे तिच्या मागच्या कमी वाऱ्याच्या जागेत शिरलीस की ती लिमिटरला आधीच आदळणार आणि शेजारची तुझ्या बाजूने निघून जाणार. मागचा एक दात कमी करून बघ.

टायरचं प्रेशर पिटमध्ये आल्या आल्या, गरम असतानाच मोज आणि वहीत लिही, शेजारी वेळ आणि ऊन की ढग तेही. सकाळचं प्रेशर दुपारी उपयोगाचं नसतं. रेडिएटरमध्ये कूलंट असेल तर काढून साधं पाणी भर, कूलंट सांडलं की ट्रॅक निसरडा होतो म्हणून चालत नाही. ड्रेन बोल्ट सैल होऊ नये म्हणून त्याला लॉक वायर मी मारून देतो, पण तिथे एकदा हात लावून बघ. ब्रीफिंग चुकवू नकोस. झेंडे तुला येतात, तरी लाल-पिवळ्या पट्ट्यांचा दिसला की ऑइल किंवा पाणी आहे असं समज, आणि काळ्यावर नारिंगी गोळा तुझ्या नंबरबरोबर दिसला तर गाडीत काहीतरी बिघडलंय, लगेच ट्रॅक सोडून बाहेर हो.

उन्हाची चेष्टा करू नकोस. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर मोटोजीपी, म्हणजे बाइक रेसची जागतिक स्पर्धा आली होती, आठवतंय ना? तो ट्रॅक सगळ्यांनाच नवा होता, तिथे आधी कुणी मोटोजीपी केलीच नव्हती. उन्हामुळे रेस २४ लॅपवरून २१ वर आणली, तरी होर्हे मार्तिन दुसरा आला तो पार गळून गेलेला, अंगातलं पाणीच संपलेलं. ती जगातली सगळ्यात फिट पोरं. आणि त्याच वीकेंडला बेझ्झेकी बघ, शनिवारच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे छोट्या रेसमध्ये पहिल्याच कॉर्नरला धक्का बसून शेवटी गेला, तिथून पाचवा आला, आणि रविवारी आठ सेकंदांहून जास्त फरकाने जिंकला. नव्या ट्रॅकवर पहिल्या कॉर्नरला काहीही होऊ शकतं, म्हणून पहिल्या लॅपला हँडल वळवायला जागा ठेव, बाकीचे लॅप आहेतच.

जेवणात दहीभात. तिकडे तो चांगला मिळतो. बिर्याणी रविवारी रात्री.

शुक्रवारी रात्री मला फोन कर. टाइम सांगू नकोस. डोळे मिटून बाराच्या बारा कॉर्नर सांग, कुठे ब्रेक, कितवा गिअर, बाहेर पडताना चाक कुठे येतं. जिथे अडखळशील त्याचा नंबर मी लिहून घेईन, शनिवारी सकाळी फक्त तेवढ्यावर काम. आणि माझा टॉर्क रेंच मागच्या वेळेपासून तुझ्याच पेटीत आहे, तो तिकडे कुणाला उसना देऊन येऊ नकोस.

काका