‘नॉट’ म्हणजे ‘वगळा’ नव्हे

प्रश्न असा आहे: ‘एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसकडे माहिती मागण्याच्या भाषेत, स्थिती “रद्द” नसलेल्या नोंदी मागवणारी क्वेरी लिहिली, तर स्थितीचा रकाना कोरा असलेल्या नोंदीही गळाल्या. तिच्यातल्या नकारदर्शक “नॉट”साठी मराठीत “वगळा” म्हणणे बरोबर आहे का?’

मुळीच नाही, आणि तरीही हा ‘वगळा’ जिथेतिथे कानांवर पडतो. ‘व्हेअर’, म्हणजे क्वेरीतले अट सांगणारे कलम, काहीही वगळत नाही. प्रत्येक ओळीला अट लावून पाहते आणि जिथे ती खरी ठरते तेवढीच ओळ ठेवते. कोऱ्या, म्हणजे ‘नल’ असलेल्या रकान्याची ‘रद्द’शी तुलना केल्यास उत्तर खरेही नसते आणि खोटेही नसते, तर ‘अज्ञात’ असते. अज्ञाताला ‘नॉट’ लावले तरी ते अज्ञातच राहते.

संस्कृत वैयाकरणांनी आणि मीमांसकांनी नकाराचे दोन प्रकार कधीच वेगळे काढून ठेवले आहेत. पर्युदासात नकार नामाला चिकटतो आणि ‘त्याहून वेगळे, पण त्याच जातीचे’ असे काहीतरी सुचवतो. प्रसज्यप्रतिषेधात तो क्रियेला लागतो आणि केवळ निषेध करून थांबतो. प्रश्नातली अट उघडच पर्युदासाची आहे, कारण ती ‘रद्द’हून वेगळी अशी एखादी स्थिती मागते, आणि जिथे स्थितीच नोंदलेली नाही तिथे वेगळेपण ठरवायचे कशावरून? ‘नॉट एक्झिस्ट्स’ मात्र, माझ्या मते, अस्सल प्रसज्य आहे: जुळणारी ओळ सापडली नाही, एवढेच ते पाहते. ‘नॉट इन’ मात्र यादीतल्या प्रत्येक मूल्याशी तुलना करून ‘यापैकी नसलेले’ मागते. म्हणूनच त्याच्या यादीत एखादा नल शिरला की अख्खा निकाल रिकामा येतो, पण ‘नॉट एक्झिस्ट्स’ला त्याची बाधा होत नाही.

नलला ‘शून्य’ म्हणणाऱ्या परिभाषाकारांनी नल अधिक पाच यांची बेरीज पाच आणून दाखवावी. डेटाबेस तिचे उत्तरही नलच देतो. हा शब्द लॅटिन ‘नुल्लुस’वरून आला. त्याची फोड ‘ने’ आणि ‘उल्लुस’ अशी होते, आणि ‘उल्लुस’ हे ‘ऊनुस’ म्हणजे ‘एक’ याचे लघुत्वदर्शक रूप आहे. म्हणून अर्थ ‘एकही नाही’. त्यातला ‘ने’ आपल्या ‘न’चा सख्खा भाऊ. ज्या शब्दाच्या पोटातच नकार बसलेला आहे, त्याला वरून आणखी एक नकार लावून होकार निघेल अशी आशा धरणाऱ्यांचे मला नवल वाटते.

राहिला मूळ प्रश्न: ‘वगळा’ऐवजी ‘नसलेल्या’ हेच ठेवावे, आणि कोऱ्या नोंदीही हव्या असतील तर अटीला ‘ऑर स्थिती इज नल’ जोडावे.