पशुवैद्यकाचा सल्ला : परसातल्या कोंबड्यांत मानमोडीची शंका आली तर

प्रश्न : आमच्या परसात गावरान आणि गिरीराज मिळून पंचवीसेक कोंबड्या होत्या. आठवडी बाजारातून चार तलंगा आणल्या आणि त्याच खुराड्यात सोडल्या. आठवड्याभरात आधी त्या आणि मग आमच्या कोंबड्या पेंगू लागल्या, हिरवट पातळ हगू लागल्या. काहींची मान पिळवटून पाठीकडे वळली आहे. तीन दिवसांत सात मेल्या. शेजारी म्हणतात, मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून पाण्यात द्या. दीर म्हणतात, उरलेल्या रविवारच्या बाजारात काढून टाका. हा बर्ड फ्लू असेल का? दवाखान्यात कळवले तर सगळ्याच कोंबड्या मारतील का?
— एक वाचक भगिनी, ता. जुन्नर, जि. पुणे

उत्तर : ताई, सर्वांत आधी एक विनंती करतो. उरलेली एकही कोंबडी बाजारात जाऊ देऊ नका, पाहुण्यांना देऊ नका आणि कापूनही खाऊ नका. अशा रोगाचा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण पाच-सहा दिवस आणि कधी कधी दोन आठवडेही जातात, आणि त्यातल्या शेवटच्या दिवसांत वरून धडधाकट दिसणारी कोंबडीही विष्ठेतून व श्वासातून रोग पसरवू लागते. तुमच्याकडे आलेल्या तलंगाही बहुधा अशाच कोणाच्या तरी घाईघाईने विकलेल्या कळपातल्या असाव्यात. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांना प्रतिबंध करणाऱ्या २००९ च्या कायद्यानेही आजारी पक्षी बाजारात नेण्यास मनाई आहे. कोंबड्यांचा पैसा हा घरातल्या बाईच्या हातचा, अडीनडीचा पैसा असतो, त्यामुळे दिरांचा सल्ला मोहात पाडतो हे मी जाणतो. पण त्यातून येणारे चार पैसे दुसऱ्या कोणा बाईचे खुराडे रिकामे करून येतील.

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून, विशेषतः पिळवटलेली मान आणि हिरवट हगवण यांवरून, माझा पहिला संशय राणीखेत रोगावर, म्हणजे आपण ज्याला मानमोडी म्हणतो त्यावर जातो. लस न दिलेल्या कळपात हा रोग शिरला तर जवळजवळ सगळी पाखरे जाऊ शकतात. तोंड उघडून घरघर श्वास घेणे, पंख पाडून बसणे, पाय लुळे पडणे आणि अंडी एकाएकी घटून पातळ कवचाची येणे हीदेखील त्याचीच लक्षणे आहेत. मात्र पत्रावरूनच काय, खुराड्यासमोर उभे राहूनही, हा रोग राणीखेतच आहे असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. बर्ड फ्लूमध्ये डोके सुजते, तुरा व गळ्याखालचे लोंबते कल्ले निळे-जांभळे पडतात, पायांच्या उघड्या भागावर रक्त साकळलेले दिसते, किंवा काहीही न दिसता सकाळी खुराड्यात चार-पाच कोंबड्या मरून पडलेल्या आढळतात. पण दोन्ही रोगांची लक्षणे एकमेकांत इतकी मिसळतात की प्रयोगशाळेतील तपासणीशिवाय निवाडा होत नाही. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आढळला होता, त्यामुळे ही शंका आपल्याला दूरची मानून चालणार नाही.

म्हणून आजच्या आज जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा पंचायत समितीतील पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा. १९६२ या क्रमांकावरही मदत मागता येते, आणि ग्रामपंचायतीच्या कानावर घातले तरी चालते. दवाखान्यातील डॉक्टर घशातील व गुदद्वारातील स्रावाचे नमुने किंवा ताजी मेलेली कोंबडी बर्फात ठेवून पुण्यातील औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवतात, आणि बर्ड फ्लूवर शेवटचे शिक्कामोर्तब भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत होते.

तुमच्या भीतीविषयी मोकळेपणाने सांगतो. राणीखेत निघाला तर शासन तुमच्या कोंबड्या मारत नाही. बर्ड फ्लू निघाला तर मात्र रोगाच्या ठिकाणापासून साधारण एक किलोमीटरच्या परिसरातील पाळीव पक्षी नष्ट केले जातात आणि त्यांची भरपाई ठरलेल्या दराने मिळते. ही भरपाई शासनाने मारलेल्या जिवंत पक्ष्यांची असते. रोगाने आधीच मेलेल्यांची नसते. म्हणजे जितके दिवस गोष्ट लपवाल, तितके नुकसान तुमच्याच पदरात पडत जाईल.

डॉक्टर येईपर्यंत सगळ्या कोंबड्या कोंडून ठेवा. धडधाकट दिसणाऱ्या एका जागी आणि आजारी दुसऱ्या जागी, शक्य तितक्या लांब, डालग्याखाली किंवा जाळीत ठेवा. चारा-पाणी आधी धडधाकट कोंबड्यांना द्या, शेवटी आजारी कोंबड्यांना, आणि तिथून परत पहिल्या जागी जाऊ नका. हे काम घरातल्या एकाच माणसाने करावे. त्याची चप्पल खुराड्यापाशीच राहावी, नाकातोंडाला फडके बांधलेले असावे, हातांत मोजे नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या घालाव्यात आणि नंतर साबणाने कोपरापर्यंत हात धुवावेत. चपलेच्या तळाला चिकटलेली वाळलेली विष्ठा हे रोग एका परसातून दुसऱ्या परसात जाण्याचे फार मोठे कारण आहे, आणि नेमके तिकडेच आपले लक्ष जात नाही. मुलांना आणि गरोदर स्त्रियांना तिकडे फिरकू देऊ नका. कोणाला ताप, खोकला किंवा डोळ्यांची लाली जाणवली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाताना घरच्या कोंबड्या मेल्याचे आवर्जून सांगा.

मेलेली कोंबडी ओढ्यात, उकिरड्यावर किंवा कुत्र्यांपुढे टाकू नका आणि ‘आत काय झालंय’ म्हणून घरी फाडून पाहू नका. नुकतीच मेलेली एखादी दोन पिशव्यांत घट्ट बांधून बर्फाच्या डब्यात डॉक्टरांसाठी ठेवा, घरच्या फ्रीजमध्ये मुळीच नको. बाकीच्या मेलेल्या कोंबड्या विहीर-बोअरपासून दूर, किमान चार फूट खोल खड्ड्यात खाली-वर चुना टाकून पुरा.

औषधांविषयी : राणीखेत काय किंवा बर्ड फ्लू काय, दोन्ही विषाणूजन्य आहेत आणि अँटिबायोटिक विषाणूवर काम करत नाही. वरून जडणारा जिवाणूंचा संसर्ग रोखण्यासाठी डॉक्टर ते देऊ शकतात, पण तो निर्णय त्यांचा. हळद-लसूण दिल्याने रोग थांबत नाही. साथ चालू असताना लस द्यावी का, हेही त्यांनाच ठरवू द्या, कारण ज्यांच्या अंगात रोग भिनला आहे त्यांना लस वाचवू शकत नाही. मान वाकडी झालेली एखादी कोंबडी जगतेही, परंतु ती काही काळ विषाणू टाकत राहते, म्हणून दया येऊन तिला पुन्हा इतरांत सोडू नका.

निदान होईपर्यंत या कोंबड्यांची अंडी खाऊ नका आणि विकू नका.

साथ ओसरल्यावर आधी विष्ठा, भुसा, जुनी अंथरी खरवडून पुरा, आणि मगच खुराडे धुऊन चुन्याने रंगवा किंवा ब्लीचिंग पावडरचे पाणी फवारा. घाणीवर फवारलेले जंतुनाशक वाया जाते. खुराडे किमान महिनाभर उन्हात रिकामे राहू द्या. पुढे बाहेरून आणलेली कोणतीही कोंबडी तीन आठवडे वेगळी ठेवल्याखेरीज कळपात सोडू नका.

प्रश्न : राणीखेतची लस शंभर-दोनशे मात्रांच्या कुपीत मिळते. आमच्या घरी पंधराच कोंबड्या आहेत. मग लस कशी द्यायची?
— एक वाचक, ता. अकोले

उत्तर : ही अडचण खरी आहे, आणि परसातल्या कोंबड्या लसीविना राहण्याचे तेच मोठे कारण आहे. वाडीतल्या दहा-बारा घरांनी मिळून एक दिवस ठरवावा, दवाखान्यातून कुपी आणावी आणि आदल्या रात्री कोंबड्या कोंडून ठेवून भल्या पहाटे, ऊन चढण्याआधी काम उरकावे. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात पुन्हा एकदा द्यावा. आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी, म्हणजे मुक्तेश्वर येथे विकसित झालेली लस, पंखाखाली कातडीखाली अर्धा मिली टोचावी. ती लहान पिलांना देऊ नये. त्या वेळी आजारी असलेल्या कोंबडीला कोणतीच लस देऊ नका. कुपी बर्फाच्या डब्यातून न्यावी, विरघळवलेली लस तास-दोन तासांत संपवावी, आणि उरलीच तर दुसऱ्या दिवसासाठी न ठेवता उकळून कुपीसकट पुरून टाकावी.