‘केलो तर काय देणार?’ : वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई, नमस्कार. माझा मुलगा सात वर्षांचा, दुसरीत हाय. ह्यांचं मागावर काम, एक आठवडा दिवसपाळी एक आठवडा रात्रपाळी, त्यामुळं पोराचं सगळं माझ्याच गळ्यात. मागच्या वर्षी अभ्यासाला बसंना म्हणून मी पाच रुपये द्यायला सुरू केलो, मग मोबाईल, आणि आता दप्तर जाग्यावर ठेव म्हटलं तरी ‘केलो तर काय देणार?’ म्हणून उभं राहतंय. नाही दिलं की लोळण, मग सासूबाईच म्हणतात दे गं बाई एकदाचा, रडवू नको पोराला. शाळेतनं पण डायरीत लिहून आलंय, रांगेत पोरांना ढकलतोय म्हणून. बक्षीस देणंच चुकीचं हाय का? सांगून सांगून दमलो बघा.
— एक आई, वडगाव

उत्तर : पोरगं वाया गेलेलं नाही हो, ते हिशोबाला पक्कं झालंय, आणि हिशोब तुम्हीच शिकवलाय. बक्षीस चूक नाही, ते कुठल्या वेळेला हातात पडतंय तिथं सगळं बिघडलंय. अभ्यास झाल्यावर मोबाईल दिला तर ते अभ्यासाचं बक्षीस, लोळण घेतल्यावर दिला तर तो लोळण्याचा पगार. पोराला कळतंय पगार कशाचा मिळतो ते, आपल्यालाच कळत नाही.

त्यात तुमच्या घरात अजून एक होतंय, आणि ते बहुतेक घरात होतं. नऊ वेळा नाही म्हणायचं आणि दहाव्यांदा वैतागून द्यायचं. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं उंदीर आणि कबुतरांवर प्रयोग करून दाखवलंय की दर वेळी दाणा मिळाला आणि मग बंद झाला तर कबूतर लवकर नाद सोडतं, पण कधी मिळतो कधी नाही असं केलं तर ते दाणा बंद झाल्यावरही किती तरी वेळ टोच मारत राहतं. मटक्याचा नाद सुटत नाही तो ह्याच्यामुळंच. तेव्हा एक तर पहिल्यांदा मागितल्यावरच द्या, नाहीतर शंभराव्यांदा पण देऊ नका, मधलं काही करू नका.

आणि बंद केल्यावर पहिले काही दिवस लोळण वाढणार, हे आधीच सांगून ठेवतो, कारण नेमकं तेव्हाच सगळे हात टेकतात आणि म्हणतात बाईंचा उपाय चालला नाही. सासूबाईंना अगोदर विश्वासात घ्या. त्यांना ‘तुम्हीच लाडावलाय’ असं म्हणून चालायचं नाही, त्यापेक्षा एक काम द्या, पोरगं रडायला लागलं की त्यांनी देवघरात नाहीतर शेजारी जाऊन बसायचं, आणि ते शांत झालं की पहिल्यांदा जवळ त्यांनीच घ्यायचं. आजीची माया तशीच राहिली, फक्त वेळ बदलली.

आता पाच रुपयांचं. 1973 साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत एक प्रयोग झाला. ज्या पोरांना स्केचपेननं चित्रं काढायची मुळातच हौस होती अशी पोरं घेतली, काहींना आधी सांगितलं चित्र काढलं तर सोनेरी चांदणी लावलेलं सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता नंतर अचानक दिलं, आणि काहींना काहीच नाही. आठ-पंधरा दिवसांनी बघितलं तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली पोरं आपण होऊन चित्रं काढण्यात बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ घालवत होती. अचानक मिळालेल्यांची हौस कमी झाली नव्हती. म्हणजे पोराला जे मनापासून आवडतं, गोष्टीची पुस्तकं असू दे नाहीतर आजोळी कोंबड्यांना दाणे टाकणं असू दे, त्याला पैसे लावू नका. जे कंटाळवाणं आहे, पाढे, शुद्धलेखन, तिथं सुरुवातीला थोडे दिवस काहीतरी ठेवलं तर बिघडत नाही, पण ते हळूहळू कमी करत न्यायचं आणि शक्यतो वस्तू नको. ह्यांना सुट्टी असेल त्या दिवशी बापाबरोबर सायकलवरनं येळ्ळूरचा राजहंसगड, ह्याच्यापुढं मोबाईल काय करणार आहे? रात्रपाळीच्या बापाचा वेळ हीच त्याच्याकडं सगळ्यात कमी असलेली गोष्ट आहे, तीच बक्षीस म्हणून वापरा.

आणि बोला. आपल्याकडं पोरगं नीट वागलं की घर गप्प असतं, वाईट वागलं की सगळी गल्ली गोळा होते, मग पोरानं काय निवडायचं? दप्तर खुंटीला अडकवलं की लगेच, त्याच मिनिटाला, ‘दप्तर खुंटीला लावलास, सकाळी मला शोधायला लागणार नाही आता’ एवढंच म्हणा. नुसतं शहाणं बाळ, हुशार बाळ नको, काय केलं त्याचं नाव घ्या. ढकलण्याचं पण तसंच. ‘ढकलू नको’ म्हटल्यावर हात कुठं ठेवायचे ते कळत नाही त्याला. घरात खेळ म्हणून रांग लावा, आजी पुढं, तो मध्ये, तुम्ही मागं, हात दप्तराच्या पट्ट्याला धरून उभं राहायचं, चार दिवस. आणि डायरीत टीचरना विनंती लिहा, ज्या दिवशी रांगेत नीट उभा राहिला त्या दिवशी पण एक ओळ लिहा म्हणून. एका वेळी एकच गोष्ट, रांग जमली की मग दप्तर.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेवर शिक्षिका आहे. चौथी-पाचवी एकत्र, 34 पोरं. भिंतीवर स्टारचा तक्ता केलाय, पण स्टार त्याच चार मुलींना मिळतात आणि मागं बसणारी तीन पोरं आता तक्त्याकडं बघत पण नाहीत, उलट जास्तच दंगा.
— एक शिक्षिका

उत्तर : टीचर, तो तक्ता काढून टाका. चार मुलींना त्याची गरज नाही आणि त्या तीन पोरांना तो रोज सगळ्यांसमोर सांगतोय की तुमचं काही खरं नाही.

1969 मध्ये अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका चौथीच्या वर्गात एक साधा खेळ करून बघितला होता, तो आजही तिकडं वापरतात. वर्गाचे दोन संघ करायचे, नियम दोन-तीनच आणि स्पष्ट, उदाहरणार्थ न विचारता जागेवरनं उठायचं नाही, मध्येच बोलायचं नाही. नियम मोडला की त्या संघापुढं फळ्यावर खडूची एक रेघ. शेवटी ज्याच्या रेघा कमी तो जिंकला, पण खरी गोम पुढं आहे, दोन्ही संघांच्या रेघा ठरलेल्या आकड्याच्या आत राहिल्या तर दोघंही जिंकतात. म्हणजे दुसऱ्याला पाडण्यात फायदा नाही. तिथं बक्षीसं काय होती तर जेवणाच्या रांगेत आधी जायला मिळणं, शेवटी मोकळा वेळ, असलीच. खर्च शून्य. तुमच्याकडं अक्षरदासोहच्या म्हणजे शाळेतल्या सरकारी दुपारच्या जेवणाला आधी जाणं, क्षीरभाग्य योजनेतल्या दुधाचे ग्लास वाटायचा मान, शेवटची घंटा मारणं, दहा मिनिटं जादा कबड्डी, एवढं असताना स्टार विकत कशाला आणायचे.

दोन गोष्टी सांभाळा. ती तीन पोरं एका संघात घालू नका, आणि सुरुवातीला खेळ दिवसभर नको, वीस मिनिटांचा. एखादं पोरगं मुद्दाम रेघा ओढून घ्यायला लागलं तर बाकीची त्याच्यावर तुटून पडतात, तेव्हा त्याचा त्या दिवशी वेगळा एकट्याचा संघ करून टाकायचा. आणि मागच्या तिघांपैकी एकाला रेघा मोजायचं काम देऊन बघा. पाऊस लागला की तुमच्याकडची निम्मी पोरं रोप लावणीला शेतात जाऊन येतात, चिखलात दिवसभर उभं राहून काम करणारं पोरगं वर्गात वीस मिनिटं बसत नाही ह्याचा अर्थ त्याला काम नाहीये, शिस्त नाही असा नाही.

प्रश्न : आमच्या वेळी मास्तर वेताच्या छडीनं झोडायचे, म्हणून वळण लागलं. हल्ली हात लावायचा नाही म्हणतात. नातवंडं कुणालाच भीत नाहीत. तुमचं काय मत?
— एक आजोबा, निपाणी (तंबाखूच्या वखारीत हयात गेली)

उत्तर : आजोबा, आधी कायदा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं 17 वं कलम मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई करतं, 1 एप्रिल 2010 पासून तो लागू आहे. म्हणजे शाळेत छडीही नाही आणि ‘गाढवा, तुझ्या बापानं कधी शाळा बघितली का’ हे पण नाही.

आता मत. छडीनं पोरगं मास्तर दिसले की गप्प बसतं, ही गोष्ट खरी, पण मास्तर वळणावर गेले की? वखारीत मुकादम पाठ वळवल्यावर काय व्हायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तुम्हाला वळण लागलं ते घरच्यांनी पहाटे उठून कामाला जाताना तुम्ही बघितलं म्हणून पण असेल, छडीला उगाच सगळं श्रेय देऊ नका. मात्र भीती नको म्हणजे नियमच नको असं नाही, ती चूक आताचे आईबाप करतात हे तुमचं मला पटतं. रात्री नऊला टीव्ही बंद म्हणजे बंद, ओरडायचं नाही, मारायचं नाही, बटण दाबायचं. आणि नातवंडांना एखादं काम तुमच्या हाताखाली द्या, रोज संध्याकाळी दिवाबत्ती, भाजी निवडणं, काहीही, केलं की शेजाऱ्याला ऐकू जाईल असं सांगा.

प्रश्न : मुलगी चार वर्षांची, गल्लीतनं शिव्या शिकून आलीय. पहिल्यांदा बोलली तेव्हा सगळे हसलो, आता पाहुण्यांसमोर पण बोलतेय. काय करू?
— अनगोळ

उत्तर : हसलात तेच बक्षीस झालं. आता चेहऱ्यावर काही न दाखवता दुसरं काम करत राहायचं, रागवायचं पण नाही, कारण त्या वयात रागवणं पण गंमतच वाटते. राग यायला लागला की म्हणायला एखादा भारी शब्द तिला द्या, ‘ढमाल’ म्हणा, ‘खडखडाट’ म्हणा, तोंडभर पाहिजे, आणि तो म्हटली की तेव्हा हसा. मंडळाच्या पोरांना पण एकदा सांगा, शिवजयंतीच्या चित्ररथासाठी वर्गणी मागायला येतात तेव्हा चांगला मोका असतो. आणि गल्लीतनं शिकली असं लिहिलंय तुम्ही, पण गाडी आडवी आली की घरातलं कोण काय बोलतं ते काही पत्रात लिहिलेलं नाही.